यादीतील नाव : युद्धकैदी वैमानिक आणि नोंदीचे मोल

(माटुंगा येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

कायद्याच्या भाषेत शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक त्या क्षणापासूनच युद्धकैदी असतो. व्यवहारात मात्र त्याचे नाव, हुद्दा, सेवाक्रमांक आणि जन्मतारीख कोणीतरी कागदावर उतरवून घेईपर्यंत तो कोणीच नसतो. या दोन विधानांमधल्या अंतरात किती माणसे तगली आणि किती हरवली, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. १९७१च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानच्या ताब्यात गेलेले भारतीय हवाई दलाचे वैमानिक, त्यांतही फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे सहकारी, आणि ज्यांचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही ते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ही या विवेचनाची मुख्य उदाहरणे आहेत. बंदिवासात तगून राहण्यासाठी धैर्य लागते हे सर्वमान्य आहे. परंतु ते धैर्य कुठल्यातरी नोंदवहीत उमटले नाही तर त्याचा साक्षीदार उरत नाही, आणि साक्षीदार नसलेल्या माणसाला जिवंत ठेवण्याचे बंधन कोणालाच वाटेनासे होते, हे येथे मांडायचे आहे.

१. आकाशातून जमिनीवर

पायदळाचा सैनिक बहुधा आपल्या तुकडीसह शरण जातो. त्याच्या आजूबाजूला त्याचे अधिकारी, त्याचे सोबती आणि त्याला ओळखणारे डोळे असतात. वैमानिकाचे तसे नसते. विमानाला गोळा लागल्यावर तो इजेक्शन सीटचा, म्हणजे स्फोटक भाराच्या जोराने वैमानिकाला आसनासकट विमानाबाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचा, खटका ओढतो. त्या एका क्षणात शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा ते वीस पट भार येतो, पाठीचे मणके दबतात, कधी मोडतात, आणि पुढच्या काही मिनिटांत हवाई छत्रीला लटकलेला, जखमी, एकटा माणूस ज्या मुलखावर त्याने नुकताच मारा केलेला असतो त्याच मुलखात उतरतो. भोवती जमणाऱ्या लोकांच्या दृष्टीने तो आभाळातून मृत्यू टाकणारा शत्रू असतो आणि त्यांचा संताप अनाकलनीय म्हणता येत नाही. विमानातून जीव वाचवण्यासाठी उडी घेतलेल्या वैमानिकावर खाली येताना हल्ला करू नये, ही गोष्ट १९७७च्या जिनिव्हा पूरक करारात स्पष्ट शब्दांत लिहावी लागली, यावरूनच हा टप्पा किती धोक्याचा आहे हे कळते.

१९७१मध्ये स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा यांच्या पाठीच्या कण्याला अशीच दुखापत झाली. त्यांनी पुढे आपल्या बंदिवासावर ‘डेथ वॉझन्ट पेनफुल’ हे पुस्तक लिहिले. फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांनी जमिनीवर उतरल्यानंतर आपण पाकिस्तानी वैमानिक असल्याची बतावणी करून वेळ काढला. पण त्यांना कलमा, म्हणजे इस्लामी श्रद्धेचे वचन, म्हणून दाखवण्यास सांगितले गेले आणि बतावणी तिथेच संपली. या प्रसंगांत समान धागा असा की जमावाच्या हातून सैन्याच्या हाती जाणे हीच पकडल्या गेलेल्या वैमानिकासाठी पहिली सुटका ठरते. शत्रूचा का असेना, गणवेशातला माणूस आला म्हणजे हिशेब ठेवणारा कोणीतरी आला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्याबाबतीत हाच क्रम साऱ्या जगाने चित्रफितीत पाहिला : आधी जमाव, मग सैनिक, मग प्रश्न, आणि त्या प्रश्नांपैकी नियमाबाहेरच्या प्रश्नांना नम्र नकार. १ मार्चला ते वाघा येथून परतले.

२. चार उत्तरे आणि एक कार्ड

त्या नकाराला आधार आहे तो युद्धकैद्यांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीविषयीच्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचा. १२ ऑगस्ट १९४९ रोजी संमत झालेल्या आणि १४३ कलमे असलेल्या या कराराच्या सतराव्या कलमानुसार कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. त्याहून अधिक माहिती काढण्यासाठी छळ करण्यास, धमकावण्यास किंवा अपमान करण्यास मनाई आहे. वरवर पाहता ही कैद्याला दिलेली गप्प राहण्याची मुभा वाटते. बारकाईने पाहिले तर या चार उत्तरांमधून एक माणूस निश्चित होतो : याच नावाचा, याच हुद्द्याचा, याच क्रमांकाचा मनुष्य अमुक दिवशी जिवंत होता आणि अमुक देशाच्या ताब्यात होता.

कराराची पुढील कलमे या एका नोंदीची साखळी तयार करतात. छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला आपल्या कुटुंबाला आणि मध्यवर्ती संस्थेला कैदेची खबर देणारे कार्ड पाठवू द्यावे. प्रत्येक युद्धमान देशाने कैद्यांविषयी माहिती देणारे कार्यालय उघडावे. गंभीर जखमींना लढाई संपण्याची वाट न पाहता परत पाठवावे. आणि प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर उरलेल्या सर्वांना विलंब न लावता सोडावे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधी छावण्यांना भेटी देतात तेव्हा अन्न, औषध आणि पत्रे यांच्याइतकेच महत्त्वाचे काम करतात ते मोजदादीचे. कारण एकदा त्रयस्थाने मोजलेला माणूस नंतर नाकारणे कठीण जाते. कारगिल युद्धात २७ मे १९९९ रोजी पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता ३ जूनला रेडक्रॉसच्या हवाली केले गेले आणि मायदेशी परतले, हे या व्यवस्थेचेच फळ.

३. रावळपिंडीतील बारा जण

१० डिसेंबर १९७१ रोजी दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान पश्चिम आघाडीवर पाडले गेले. जायबंदी होऊन झुंजण्याचा त्यांना पूर्वानुभव होता : १९६५च्या युद्धात शत्रूच्या गोळीने विमान आणि त्यांचा उजवा खांदा दोन्ही जखमी झालेले असताना, उडी घेण्याचा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी ते विमान तळावर परत आणले होते आणि त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले होते. या वेळी मात्र परतीची वाट उरली नव्हती. चौकशी आणि एकांतकोठडी यांतून गेल्यावर ते रावळपिंडीच्या छावणीत इतर भारतीय वैमानिकांसोबत आले.

या छावणीतील बारा जणांची नावे एकापाठोपाठ वाचण्याजोगी आहेत : कोएल्हो, जाफा, कामत, परुळकर, तेजवंत सिंग, भार्गव, पेठिया, ग्रेवाल, सिंहजी, चाटी, मुल्ला-फिरोज आणि कुरुविला. माटुंग्याच्या किंवा शेजारच्या दादर पारशी कॉलनीच्या रहिवाशाला ही यादी परकी वाटणार नाही. इमारतीच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर लावलेल्या नावांच्या पाटीवर अशीच मराठी, कोकणी, पारशी, पंजाबी, मल्याळी नावे एकाखाली एक असतात. फरक एवढाच की पाटीवरच्या लोकांना आपापली दारे बंद करता येतात. या बारा जणांना एकमेकांचा आवाज, आजारपण, रुसवा आणि निराशा चोवीस तास सोसायची होती, आणि ही कैद कधी संपणार याची तारीख कोणालाच माहीत नव्हती. ठरलेल्या मुदतीच्या शिक्षेत माणूस दिवस वजा करत जातो. युद्धकैद्याला फक्त मिळवता येतात.

सुरुवातीचे दिवस एकांताचे होते. २५ डिसेंबरला, नाताळच्या निमित्ताने, छावणीचे प्रमुख उस्मान हमीद यांनी त्यांना प्रथमच एकत्र येऊ दिले आणि केक आणवला. बंदिवासाच्या इतिहासात अशा घटना किरकोळ समजल्या जातात. त्या तशा नाहीत. त्या दिवशी प्रत्येकाला कळले की आणखी कोण जिवंत आहे, आणि म्हणून प्रत्येकाचे जिवंत असणे अकरा जणांच्या स्मरणात नोंदले गेले. ज्येष्ठतम अधिकारी म्हणून विंग कमांडर कोएल्हो यांचे नेतृत्व आपोआप मान्य झाले. हुद्द्यांची उतरंड, नियमित व्यायाम, पत्ते, पुस्तके आणि ट्रान्झिस्टर रेडिओ यांच्या आधाराने दिवसाला आकार आला. परंतु महिने उलटत गेले. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी ढाक्याच्या शरणागतीनंतर भारताच्या ताब्यात आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी आणि नागरी बंदी यांचा प्रश्न वाटाघाटींत अडकून होता, आणि त्या प्रश्नाला या बारा जणांची सुटका बांधली गेली होती.

४. भिंत आणि गिलावा

पळून जाण्याचा बेत परुळकरांचा. त्याला साथ मिळाली ती मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांची. पण तिघे बाहेर पडले ते इतरांच्या खांद्यावरून, कारण मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला संशय, चौकशी आणि गेलेल्या सवलती येणार हे सर्वांना ठाऊक होते आणि तरीही त्यांनी पहारा दिला, साहित्य जमवले, गुपित पाळले. कोठडीच्या भिंतीतील विटा हाती लागेल त्या अवजाराने थोड्याथोड्या मोकळ्या केल्या गेल्या. आतला भाग पोखरला तरी बाहेरचा गिलावा शाबूत ठेवायचा, कारण तो तडकला तर पहारेकऱ्याला दिसणार, ही त्या कामातली खरी मेख होती. दिवसा भिंत भिंतीसारखीच दिसली पाहिजे आणि रात्री ती दारासारखी उघडली पाहिजे. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र करण्यात आले आणि एका जुन्या शालेय नकाशासंग्रहावरून मार्ग आखला गेला : रावळपिंडीहून पेशावर, तिथून खैबर खिंडीने लंडी कोतल, आणि पुढे अफगाणिस्तानची सीमा.

१२ ऑगस्ट १९७२च्या रात्री वादळ आणि पाऊस आला. पहारेकरी आडोशाला गेले, आणि तिघे गिलाव्याचा अखेरचा पापुद्रा फोडून बाहेर पडले. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिसरा जिनिव्हा करार संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर तेवीस वर्षे होत होती, आणि त्या कराराने पलायनाबद्दल जे म्हटले आहे ते सामान्य वाचकाला चकित करणारे आहे. पळण्याच्या प्रयत्नात पुन्हा पकडला गेलेला कैदी गुन्हेगार ठरत नाही. त्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तिची मर्यादा तीस दिवसांची आहे. कोणाच्या जिवाला वा शरीराला इजा न करता, फक्त पलायनासाठी केलेली मालमत्तेची मोडतोड, साध्या कपड्यांचा वापर किंवा खोटी कागदपत्रे यांनाही हीच मर्यादा लागू होते. सैनिकाने आपल्या सैन्याकडे परतण्याचा प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि शत्रूनेही ते समजून घ्यावे, इतका आदर या कलमांत आहे. भिंत फोडणारे, गणवेश उतरवणारे आणि खोटी नावे सांगणारे ते तिघे कायद्याच्या कक्षेतच चालत होते. अट एकच होती, की पुन्हा पकडणाऱ्याला ते कोण आहेत हे माहीत असले पाहिजे.

५. नसलेले स्थानक

रात्रीच्या बसने ते पेशावरला पोहोचले आणि पुढे मजल दरमजल करत लंडी कोतलला आले. तोरखमची सीमा तिथून अवघ्या चार मैलांवर होती. नकाशासंग्रहात लंडी कोतलच्या पुढे लंडी खाना नावाचे रेल्वे स्थानक दाखवलेले होते, म्हणून त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. खैबर रेल्वे १९२५मध्ये लंडी कोतलपर्यंत सुरू झाली, दुसऱ्याच वर्षी ती लंडी खान्यापर्यंत वाढवली गेली, आणि १९३२मध्ये हा शेवटचा टप्पा बंद पडला. म्हणजे चाळीस वर्षे जिथे गाडी गेली नव्हती अशा स्थानकाचा पत्ता हे तिघे विचारत होते. एका बाजूला मध्य रेल्वेचे माटुंगा, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड आणि मधोमध १९१५पासून चालू असलेला रेल्वेचा कारखाना, अशा वस्तीत राहणाऱ्यांना स्थानकाचे नाव म्हणजे परिसराची सर्वांत पक्की खूण हे वेगळे सांगायला नको. जिथला माणूस स्थानकाबद्दल असे विचारतो तो तिथला नाही, हे क्षणात ओळखले जाते. त्यातच त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटू पाहत असल्याने परक्यांकडे संशयाने पाहिले जात होते. तिघांना तहसील कार्यालयात नेण्यात आले.

त्यांनी आपण लाहोरचे पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असल्याचे सांगितले. ते पुरेसे ठरले नाही. हा आदिवासी टापू होता, त्याचा कारभार १९०१च्या सरहद्द नियमांनुसार राजकीय प्रतिनिधीमार्फत चाले, आणि तिथे अनोळखी संशयितांचे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. अशा वेळी परुळकरांनी पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांच्या एडीसीशी, म्हणजे खास साहाय्यक अधिकाऱ्याशी, दूरध्वनी जोडून देण्याची मागणी केली. ते पद तोवर उस्मान हमीद यांच्याकडे आले होते. नाताळचा केक आणवणारे ते हेच. मोजक्या शब्दांत, युद्धकैदी हा शब्द न उच्चारता, परुळकरांनी आपण लंडी कोतलला आहोत हे त्यांना कळवले. हमीद यांना सारे उमगले, आणि त्यांनी तहसीलदाराला ही आपली माणसे आहेत, त्यांना ताब्यात ठेवावे पण हात लावू नये, असे बजावले.

या दूरध्वनीकडे बहुतेक वेळा प्रसंगावधानाचा नमुना म्हणून पाहिले जाते, आणि तो तसा आहेच. परंतु त्याचा खोल अर्थ निराळा आहे. स्वातंत्र्य चार मैलांवरून निसटल्याचे ध्यानात येताच परुळकरांनी आपली आणि सोबत्यांची नावे पुन्हा एकदा नोंदवहीत चढवली. ज्यांच्या दप्तरात ते तिघे कोणीच नव्हते त्यांच्या हातून, ज्यांच्या यादीत त्यांची नावे होती त्यांच्या हाती जाण्याचा तो मार्ग होता. आणि तो मार्ग खुला राहिला याचे कारण पलीकडच्या बाजूच्या एका अधिकाऱ्याने शत्रूच्या कैद्याला ‘आपला माणूस’ म्हणण्याची जबाबदारी उचलली. तिघांना परत आणून एकांतवासाची शिक्षा झाली, पुढे सर्व वैमानिकांना लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, छावणीत हलवण्यात आले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ६००हून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा ओलांडून मायदेशी आले. परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी बटालियन कमांडर म्हणून काम केले, ग्रुप कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये पुण्याजवळ त्यांचे निधन झाले. या पलायनावर फेथ जॉन्स्टन यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ते चार मैल आहेत.

६. यादीबाहेरचे

१ डिसेंबरला वाघ्याला आलेल्यांत विजय वसंत तांबे नव्हते. त्यांचेही विमान सुखोई-७ होते. परुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबर १९७१ रोजी, शोरकोटच्या परिसरात ते पाडले गेले. पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांच्या नावांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव त्याच महिन्यात पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात छापून आले होते. युद्धकैद्यांच्या अधिकृत यादीत मात्र ते नव्हते. छापील बातमी आणि अधिकृत नोंद यांच्यातल्या त्या फटीत एक आयुष्य अडकून पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झालेली नसताना सुरू झालेला त्यांचा शोध मंत्रालये, दूतावास आणि न्यायालये यांच्या दारांतून पाच दशके चालत राहिला. पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे भारत मानतो अशा बेपत्ता सैनिकांची संख्या संसदेत ५४ सांगितली गेली आहे, आणि आपल्याकडे असे कोणीही नाही ही पाकिस्तानची भूमिका कायम आहे. २००७मध्ये १४ नातेवाइकांना तिथले तुरुंग पाहण्याची परवानगी मिळाली. ते गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

परुळकर आणि तांबे यांच्यात धैर्याचे, प्रशिक्षणाचे वा निष्ठेचे उणेअधिक करण्याचे काहीच कारण नाही. दोघे एकाच प्रकारचे विमान चालवत होते, एकाच आठवड्यात, एकाच शत्रूविरुद्ध. एकाच्या नावापुढे छावणीच्या कारकुनाने खूण केली. दुसऱ्याच्या नावापुढे ती कधी झाली की नाही, हे कोणी सांगत नाही. बेपत्ता सैनिकाच्या घरी सुतकही धरता येत नाही आणि स्वागताचे तोरणही बांधता येत नाही. पत्नीला विधवा म्हणावे की सधवा, हे ठरवण्याचा अधिकार ज्या कागदाला आहे तो कागदच सापडत नाही.

७. समारोप

युद्धकैद्यांविषयीची चर्चा युद्ध चालू असताना तापते आणि शांततेत विझते. नेमके याच्या उलट व्हायला हवे, कारण नोंदींची व्यवस्था शांततेतच उभी करावी लागते. भारताने जिनिव्हा करारांची अंमलबजावणी करण्यासाठी १९६०मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो प्रत्येक जवानाला, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला आणि सीमेजवळच्या गावच्या सरपंचाला माहीत असणे ही त्याची खरी अंमलबजावणी होय. शत्रूचा वैमानिक उद्या आपल्या शेतात उतरला तर त्याला पाणी देऊन, त्याचे नाव लिहून घेऊन सैन्याच्या स्वाधीन करणारा शेतकरी आपल्याच एखाद्या वैमानिकाच्या परतीची तजवीज करत असतो. कारण यादी पाळण्याची अपेक्षा ज्याने स्वतः यादी पाळली आहे त्यालाच करता येते.

उस्मान हमीद यांनी दूरध्वनीवर तीन माणसांना आपले म्हटले आणि ती तीन माणसे वाचली. विजय तांबे यांच्या बाबतीत असे म्हणणारा आवाज अद्याप कोणत्याही तारेवरून आलेला नाही. तो येईपर्यंत, किंवा येणार नाही हे निश्चित होईपर्यंत, त्यांचे नाव पूर्ण, हुद्द्यासह, तारखेसह उच्चारत राहणे हे या बाजूच्या लोकांचे काम आहे : फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, भारतीय हवाई दल, ५ डिसेंबर १९७१.